खोका छापायला देण्याआधी

आम्ही तळा तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया बोलतोय. आवाज एकीचा असला तरी भाषण सगळ्यांचं आहे. बैठकीत बसून, एकमेकींचं बोलणं मध्येच तोडत, थोडं भांडत ते तयार केलंय. म्हणून 'मी' कुठे येणार नाही, 'आम्ही'च येणार.

पापड कसे लाटायचे हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. आज बोलायचंय ते पापडाच्या खोक्याबद्दल. त्यातही खोका छापून झाल्यावर त्याच्यावर जे काम होतं त्याबद्दल. चकाकी, सोनेरी अक्षरं, उठावाची नक्षी, कापणी, घडी, चिकटवणी. छापखान्यात या सगळ्याला 'फिनिशिंग' म्हणतात. आम्हाला हा शब्द नुकसान झाल्यावर कळला. तुम्हाला आधी कळावा एवढ्यासाठी हे भाषण.

झालं असं. पूर्वी आमचे नाचणीचे पापड साध्या पिशवीत जायचे, आत एक झेरॉक्स काढलेली चिठ्ठी. ओळखीपाळखीत, जत्रेत माल खपायचा. मग एकदा मुंबईला प्रदर्शनात बसलो. शेजारच्या टेबलावर एकाहून एक देखणे खोके. आपल्या पिशव्या मांडायची आम्हाला लाज वाटली. परत आल्यावर पहिल्याच बैठकीत ठराव झाला, आपणही खोका करायचा.

छापखान्यात गेलो. मालकांनी नमुन्यांची फाईल पुढे ठेवली. लग्नपत्रिका, मिठाईचे खोके, अत्तराचे खोके. आम्ही नुसतं बोट ठेवत गेलो. हे सोनेरी पाहिजे, हा गडद मरून रंग पाहिजे, हे असं आरशासारखं चकचकीत पाहिजे. ते म्हणाले, करून देतो. खोक्यात काय भरणार, तो कुठे ठेवणार, त्याच्यावर हातानं काय लिहिणार, हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

1,000 खोके आले. पैसे गटाच्या बचतीतून दिले. आमच्यातल्या एका ताईनं मुलीच्या फीसाठी कर्ज मागितलं होतं. त्या महिन्यात तिला थांब म्हणालो. ते थांब म्हणणं आम्हाला अजून टोचतं.

खोके उघडले आणि घडी घालायला बसलो. प्रत्येक घडीवर मरून रंग तडकून पांढरी रेघ दिसायला लागली. नवा खोका जुन्यासारखा दिसू लागला. श्रावणात, हवा ओली असताना, चिकटवलेल्या पट्ट्या सुटायला लागल्या. खोका उचलला की पापड खाली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तारखेचा शिक्का. त्या चकचकीत पृष्ठभागावर शाई वाळेचना. एका दुकानदारानं खोका हातात घेतला, अंगठा फिरवला, तारीख पुसली गेली. त्यानं तो खोका तसाच आमच्याकडे सरकवला. म्हणाला, तारीख पुसते तो माल मी ठेवणार नाही. त्याचं बरोबर होतं.

बैठकीत मग व्हायचं ते झालं. "सोनेरी तुम्हालाच पाहिजे होतं" आणि "तेव्हा तुम्ही का नाही बोललात?" शेवटी रात्री-रात्री बसून प्रत्येक खोक्यावर तारखेसाठी कागदी स्टिकर चिकटवले. त्यानंतर दुसऱ्या ठिकाणी एक जुने बाइंडर भेटले. त्यांनी आमचा खोका सोडवून टेबलावर सपाट पसरला आणि काय कुठे चुकलं ते दाखवलं. त्यांच्याकडून शिकलो ते आता सांगतो. स्वयंपाकघरातली उदाहरणं घालून सांगतो, म्हणजे ध्यानात राहील.

आधी कापणी आणि घडी. खोक्याचा पुठ्ठा सपाट छापतात, मग त्याला आकार देतात. त्यासाठी 'डाय' असते. प्लायवूडच्या फळीत पोलादी पट्ट्या खोक्याच्या आकारात बसवलेल्या. काही पट्ट्या धारदार, त्या पुठ्ठा कापतात. काही बोथट, त्या नुसती खाच पाडतात. करंजीची कड कातणानं कातरतो ते कापणं, आणि नऊवारीच्या निऱ्या आधी दाबून घेतो ते खाच पाडणं. या खाचेला 'क्रीझिंग' म्हणतात. खाच नीट पडली तर पुठ्ठा तिथेच मुकाट्यानं वळतो. खाच उथळ असेल तर तो वाटेल तिथून मोडतो.

पण नुसती खाच पुरत नाही. कागदाला रेषा असतात. कागद यंत्रावर तयार होताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेनं झोपतात. बांबू उभा सरळ चिरतो आणि आडवा नाही, तसंच. घरी करून बघा. जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा एका बाजूनं फाडा, सरळ पट्टी निघेल. दुसऱ्या बाजूनं फाडा, वेडीवाकडी फाटेल. सरळ फाटली ती तंतूंची दिशा. घडी तंतूंच्या दिशेनं असेल तर रंग कमी तडकतो, आडवी असेल तर जास्त. खोक्याला घड्या दोन्हीकडे असतातच. म्हणून मोठ्या, लांब घड्या कुठल्या दिशेला ठेवायच्या ते आधी ठरवावं लागतं. आणि घडीवर गडद रंग ठेवला की तडकलेली पांढरी रेघ लांबून दिसते. आमचा मरून रंग नेमका सगळ्या घड्यांवरून गेला होता.

आता चकाकी. ती तीन प्रकारांनी येते आणि तिन्ही वेगळ्या आहेत. पहिलं लॅमिनेशन. छापलेल्या कागदावर प्लास्टिकचा अगदी पातळ पापुद्रा चिकटवतात. चकचकीत असेल तर ग्लॉस, मंद असेल तर मॅट. दुसरं वार्निश. ते पातळ द्रव असतं, शाईवर लावून वाळवतात. पाण्यात मिसळलेलं वार्निशही मिळतं. त्यात वेगळा पापुद्रा नसतो. तिसरं यूव्ही. तेही द्रवच, पण खास दिव्याच्या किरणांखाली क्षणात घट्ट होतं. पूर्ण खोक्यावर न लावता फक्त नावावर किंवा चित्रावर लावलं तर त्याला 'स्पॉट यूव्ही' म्हणतात. मंद खोक्यावर तेवढाच भाग ओला असल्यासारखा चमकतो.

यातलं लक्षात ठेवायचं ते असं. चकाकी म्हणजे कागदाची तोंडं बंद करणं. तोंडं बंद झाली की पाणी चटकन आत जात नाही हे चांगलं. पण मग शिक्क्याची शाईही आत जात नाही आणि गोंदही धरत नाही. आमची तारीख का पुसली आणि पट्ट्या का सुटल्या, त्याचं उत्तर एवढंच होतं. उपायही साधा होता. वार्निश किंवा यूव्ही लावताना तारखेची चौकट आणि चिकटवायची पट्टी कोरी सोडायला सांगायची. लॅमिनेशनचा पापुद्रा मात्र पूर्ण कागदावर बसतो. तिथे त्याला धरणारा वेगळा गोंद आणि तारखेसाठी वेगळी सोय लागते.

आणखी एक गैरसमज आमचा होता. चकचकीत खोका असला की पापड कुरकुरीत राहणार. तसं नाही. खोक्याच्या कापलेल्या कडा उघड्याच असतात, तिथून ओल शिरते. पापड राखते ती आतली नीट सील केलेली पिशवी. खोका तिचं दबण्यापासून रक्षण करतो आणि गिऱ्हाइकाशी बोलतो. दोघांची कामं वेगळी.

आता सोनं. लग्नपत्रिकेवरचा सोनेरी गणपती सगळ्यांनी पाहिलाय. त्यात सोनं नसतं, हे तर माहीतच आहे. मग असतं काय? प्लास्टिकच्या पट्टीवर ॲल्युमिनियमचा इतका बारीक थर असतो की हाताला कळणार नाही. त्यावर पिवळसर रंग, म्हणून सोनेरी दिसतं. तोच थर बिनरंगी ठेवला की चंदेरी. खाली तापल्यावर धरणारा चिकट थर. धातूचा ठसा तापवून ही पट्टी कागदावर दाबली की ठशाच्या आकाराएवढा थर कागदावर उतरतो आणि बाकीची पट्टी उचलली जाते. याला फॉइल म्हणतात.

फॉइलला बारीकसारीक जमत नाही. आपल्या मराठी अक्षरांना अनुस्वार, रफार, वेलांट्या. अक्षर लहान असेल तर वेलांटीचं पोट भरून जातं आणि अनुस्वाराचा ठिपका उतरतच नाही. आमच्या खोक्याच्या बाजूला इतर मालाची नावं लहान सोनेरी अक्षरांत होती. निम्म्या खोक्यांवर 'आंबोशी'ची 'आबोशी' झाली होती. शिवाय ठसा केसभर सरकतोच. म्हणून आधी छापलेल्या रेघेच्या आत बरोबर सोनं भरायला सांगू नये. एका बाजूला फट दिसते.

मग उठावाचं काम, म्हणजे एम्बॉसिंग. ते समजायला मोदकाचा साचा आठवा. दोन भाग असतात. एक खोलगट, दुसरा त्यात बसणारा. मधे कागद ठेवून दाबला की नक्षी वर येते. उलट दाबलं की अक्षर खाली जातं, त्याला डीबॉसिंग म्हणतात. खोल अक्षर कसं टिकतं ते बघायला आपल्याला लांब जायला नको. आपल्याच तालुक्यात कुड्याची लेणी आहेत. तिथे दान देणाऱ्यांची नावं दगडात खोदलेली आहेत आणि त्यांत बायकांचीही आहेत. शाई नाही, रंग नाही, नुसती खोली. इतकी शतकं लोटली तरी वाचणारे ती वाचतात. कागद दगड नव्हे, पण शाई नसतानाही बोटाला नाव लागतं, ही गंमत एम्बॉसिंगमध्ये आहे. मात्र त्याला जाड कागद लागतो. पातळ कागद फाटतो. आणि लॅमिनेशन आधी, उठाव नंतर करतात. उलट केलं तर उठाव दाबून सपाट होतो.

आता तुम्ही म्हणाल, या बाया चकाकीवर रागावल्यात. तसं नाही. चकाकीमागे मोठा इतिहास आहे, आणि तो आपल्या देवघरातला आहे. राजा रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञांकडे आला. तिथे लक्ष्मी, सरस्वती अशी देवादिकांची चित्रं दगडावरून छापत. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. छापून झालं की वार्निश देत, म्हणजे कागदावरचं चित्र तैलचित्रासारखं दिसावं. 'ओलिओग्राफ' म्हणतात ती हीच चित्रं. ज्या घरात खरं तैलचित्र कधी पोचलं नसतं, तिथे ही लक्ष्मी पोचली. आणि घरी आल्यावर काय व्हायचं? चित्रातल्या देवीला जरीचा काठ, टिकल्या, मणी, कापडाची साडी चिकटवून सजवत आणि मग चौकटीत बसवत. अशी सजवलेली चित्रं आजही संग्रहालयांत जपलेली आहेत. म्हणजे छापून झाल्यावरचा शेवटचा हात फिरवणं घरांना नवीन नव्हतं. पण तिथे एक गोष्ट होती. ती चकाकी कशासाठी आहे हे ठरलेलं होतं. चित्र भिंतीवर राहणार होतं. त्याच्यावर कोणी तारखेचा शिक्का मारणार नव्हतं. आमची चूक चकाकी मागण्याची नव्हती. भिंतीवरच्या वस्तूचा साज आम्ही वापरायच्या वस्तूवर चढवला, ही चूक होती.

आता पैशांचं बोलू. फिनिशिंगच्या खर्चाचे दोन भाग असतात. एक, ठसा किंवा डाय बनवायचा, तो एकदाच. दुसरा, प्रत्येक खोक्यामागे मजुरी आणि माल. समजा ठशाला 2,000 रुपये लागले. 100 खोके केले तर ठशाचेच प्रत्येकी 20 रुपये. 1,000 केले तर प्रत्येकी 2 रुपये. म्हणून छापखानेवाले म्हणतात, जास्त करा, स्वस्त पडेल. हिशेब खोटा नाही. पण आपला पत्ता बदलला, किंमत बदलली, वजन बदललं तर उरलेले खोके रद्दीत. वर्षभरात खपतील तेवढेच करावेत असं आमचं मत झालंय. आणि ठशाचे, डायचे पैसे आपण दिले असतील तर ते आपले आहेत असं बिलावर लिहून घ्यावं. पुढच्या वेळी तीच डाय वापरता येते. आम्ही पहिल्या वेळी विचारलंच नाही. दुसऱ्या खेपेला पुन्हा नव्यानं पैसे मोजले.

कायद्याचंही थोडं. खाण्याच्या वस्तूवर नाव, घटक, निव्वळ वजन, किंमत, बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि वापरायची मुदत, आपलं नाव-पत्ता, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका आणि एफएसएसएआयचा 14 आकडी क्रमांक लागतो. हा मजकूर स्पष्ट, वाचता येईल असा आणि पुसला न जाणारा हवा. म्हणून यातला एकही शब्द सोनेरी फॉइलमध्ये घालू नका. उजेड पडला की सोनेरी अक्षर चमकतं, वाचता येत नाही. हा मजकूर साध्या गडद शाईत, फिक्या पार्श्वभूमीवर असावा. आणि छापलेली बाजू खाण्याला लागू देऊ नका. खाण्याच्या वस्तू वर्तमानपत्रात बांधायला तर 2018 च्या पॅकेजिंग नियमांनी मनाईच आहे. भजी असोत की पापड.

एक सांगायचं राहिलं, ते आमच्या आजींनी काढलं. रिकामा खोका कुठे जातो? आपल्याकडे चुलीत. लॅमिनेशन केलेला खोका म्हणजे कागदाला चिकटलेलं प्लास्टिक. त्याचा धूर घरात नको. आणि रद्दीतही कागद आणि पापुद्रा सहज वेगळे होत नाहीत. ओळखायची सोपी युक्ती आहे. खोक्याचा तुकडा फाडायला घ्या. कडेला पातळ, ताणली जाणारी पारदर्शक कड दिसली तर ते लॅमिनेशन.

मग दुसऱ्या खेपेला आम्ही काय केलं? फिका रंग, घड्यांवर गडद छपाई नाही. लॅमिनेशनऐवजी पाण्यातलं वार्निश. तारखेची चौकट आणि चिकटपट्टी कोरी. गटाचं नाव उठावाचं, सोन्याशिवाय. आमच्या तरुण मुली मात्र सोन्यावर अडून बसल्या. दिवाळीला भेट देताना काहीतरी झळकायला हवं, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यावर तोडगा असा निघाला की खोका साधाच ठेवायचा आणि दिवाळीपुरती त्याच्याभोवती एक वेगळी कागदी पट्टी घालायची. सोनेरी फॉइल फक्त त्या पट्टीवर, मोठ्या अक्षरात. पट्टी उरली तर नुकसान पट्टीचं, खोक्याचं नाही. आणि मुख्य म्हणजे हे सगळं ठरवायच्या आधी आम्ही एक कच्चा खोका मागून घेतला. त्याच पुठ्ठ्याचा, कापलेला, घडी घातलेला. त्यात पापड भरले, शिक्का मारला, अंगठ्यानं घासला, मोरीजवळ दोन दिवस ठेवला. मगच हो म्हटलं.

तेव्हा मैत्रिणींनो, खोका छापायला देण्याआधी बैठकीत हे सहा प्रश्न वाचून घ्या आणि छापखान्यातही विचारा. लिहून घ्या, आम्ही सावकाश सांगतो.

एक, यात काय भरणार आणि तो कुठे राहणार, हे आपण छापखान्याला सांगितलं का? दोन, हातानं लिहायची किंवा शिक्क्याची जागा कोरी सोडली का? तीन, चिकटवायची पट्टी कोरी आहे का, नसेल तर कुठला गोंद लावणार? चार, लांब घड्या कागदाच्या तंतूंच्या दिशेनं आहेत का? पाच, ठसा आणि डाय कोणाच्या मालकीची, हे बिलावर लिहिलंय का? सहा, कच्चा खोका हातात मिळाला का?

सहाव्याचं उत्तर 'नाही' असेल तर आगाऊ पैसे देऊ नका.

ज्या ताईला आम्ही थांब म्हणालो होतो, तिला पुढच्या महिन्यात कर्ज दिलं. तिनं मुलीची फी भरली, उशिराचा दंड भरून. दुसऱ्या खेपेच्या खोक्याचा कच्चा नमुना आला तेव्हा सगळ्यात आधी तिनंच तो हातात घेतला आणि शिक्क्यावर अंगठा फिरवून बघितला. शाई तशीच राहिली.

तुमच्या गटाचा खोका असेल तर पुढच्या बैठकीला घेऊन या. सोडवा, सपाट पसरा, फाडून बघा, शिक्का मारून बघा. काय सापडलं ते आम्हालाही कळवा.